बाकावरून काय दिसतं? चांगला बेसबॉलपटू चांगला मॅनेजर होईल का, हे ओळखायचं कसं

मागच्या उन्हाळ्यात मामा न्यू जर्सीला आमच्याकडे दीड महिना राहून गेले. आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून समोरच्या कॅप्टनला काय कळत नाही हे सांगण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांना बेसबॉलच्या मॅचला घेऊन गेलो. चौथ्या इनिंगला त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"अरे, तो म्हातारा बघ. ढेरी सुटलीय आणि टीमचा ड्रेस घालून बसलाय. हा कधी उतरणार खेळायला?"

"तो नाही उतरत, मामा. तो मॅनेजर आहे."

"मॅनेजर म्हणजे? तिकिटं-हॉटेलं बघणारा?"

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की फार तर सामानाच्या बॅगा मोजणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. नव्वदच्या दशकात अजित वाडेकर भारतीय संघाचे 'क्रिकेट मॅनेजर' होते, ते थोडंफार बेसबॉलच्या मॅनेजरच्या जवळ जातं. पण बेसबॉलमध्ये मैदानावर निर्णय घेणारा कॅप्टन असा नसतोच. आज कोण खेळणार, कोण कितव्या नंबरावर बॅटिंग करणार, पिचर (आपला बोलर) कधी काढायचा, त्याच्या जागी कोण आणायचा, हे सगळं बाकावर बसलेला हा माणूस ठरवतो. आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणजे प्रत्येक बदल हा पत्त्यांमध्ये टाकलेल्या पानासारखा. टाकलं की गेलं.

त्यात हे रोजचं आहे. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर 162 सामने, हाताशी 26 खेळाडू, त्यातले जास्तीत जास्त 13 पिचर. आज जिंकण्यासाठी आपला सगळ्यात भरवशाचा हात वापरला, तर तो उद्या दुखेल. परवा अजून मोठी गरज पडली तर काय? हे गणित वर्षातून 162 वेळा सोडवायचं, तेही ज्यांचा पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे अशा पोरांची मनं सांभाळत.

मामांनी हे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "मग एखादा फार मोठा माजी खेळाडूच लागणार."

अमेरिकेत शंभर वर्षं हीच समजूत होती, आणि ती दर वेळी कुठेतरी तोंडावर आपटत आलीय.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण टेड विल्यम्सचं. एका अख्ख्या मोसमात .400 च्या वर बॅटिंग अ‍ॅव्हरेज ठेवणारा मेजर लीगच्या (बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या) अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधला शेवटचा माणूस: 1941 मध्ये .406. म्हणजे दर दहातल्या चार संधींना हिट (चेंडू मारून पुढच्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, सुखरूप पोहोचणं). साधारण बरा खेळाडू अडीचच्या आसपास असतो. 1969 मध्ये त्याला वॉशिंग्टन सेनेटर्सचा मॅनेजर केलं. आदल्या वर्षी 65 सामने जिंकलेल्या टीमने त्याच्या हाताखाली 86 जिंकले. अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरव झाला. झालं, सगळ्यांना वाटलं जमलं. पुढची तीन वर्षं: 70, 63, 54. शेवटच्या वर्षी पराभव बरोबर शंभर.

पहिल्या वर्षी काय झालं असावं, याचा अंदाज करता येतो. विल्यम्सला बॅटिंगचं वेड होतं आणि तो बॅटिंगबद्दल तासन् तास बोलू शकायचा. कुठला चेंडू सोडायचा, हे त्याने पोरांना शिकवलं आणि ती सुधारली. पण मॅनेजरचं निम्मं काम पिचरचं असतं, आणि पिचर ही जमात त्याच्या लेखी आयुष्यभराची शत्रू. शिवाय जे आपल्याला डोळे मिटून जमतं ते दुसऱ्याला का जमत नाही, हा प्रश्न प्रतिभावंताला छळतोच. उत्तम पोहणाऱ्याला बुडणाऱ्याचा राग येतो, तसं काहीसं.

आता दुसऱ्या टोकाला बघा. टोनी ला रुसा: खेळाडू म्हणून 132 सामने, अ‍ॅव्हरेज .199, होमरन (आपला सिक्सर) शून्य. मॅनेजर म्हणून तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम विजेतेपदं (1989, 2006, 2011) आणि 2,884 विजय. त्याच्या पुढे फक्त कॉनी मॅक. स्पार्की अँडरसन: मेजर लीगमध्ये एकच मोसम, 1959 चा, अ‍ॅव्हरेज .218. मॅनेजर म्हणून 1975, 1976 आणि 1984 च्या वर्ल्ड सिरीज. वॉल्टर ऑल्स्टन तर मेजर लीगमध्ये एकदाच बॅटिंगला उभा राहिला आणि बाद झाला. पुढे त्याने डॉजर्सला चार वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या. त्याच डॉजर्समध्ये त्याची गादी चालवणारा टॉमी लसोर्डा पिचर होता. चार सामने हरला, एकही जिंकला नाही. 1955 मध्ये सँडी कोफॅक्स नावाच्या पोराला जागा करून द्यायला लसोर्डाला खाली मायनर लीगमध्ये पाठवलं होतं. कोफॅक्स पुढे इतका थोर पिचर झाला की आपल्याला हटवायला केवढा माणूस लागला, हा विनोद लसोर्डाने जन्मभर पुरवला.

एवढं वाचून "म्हणजे वाईट खेळाडूच चांगला मॅनेजर होतो" असं म्हणायचा मोह होतो. जरा थांबा. .199 अ‍ॅव्हरेजचे खेळाडू पैशाला पासरी मिळतात. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. जे मॅनेजर होऊन जिंकले तेवढेच आपल्याला दिसतात. शिवाय एक साधं व्यवहारी कारण आहे. मोठ्या खेळाडूकडे निवृत्तीच्या वेळी पैसा आणि नाव दोन्ही असतं. त्याने मायनर लीगच्या बसमधून रात्री-बेरात्री गावोगाव कशाला फिरावं? ज्याच्याकडे दुसरं काही नाही तोच ही उमेदवारी करतो, आणि त्या उमेदवारीत शिकतो. आणि अपवादही आहेतच. जो टोरी 1971 चा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता, अ‍ॅव्हरेज .363. पण तोही यांकीजकडे आला तेव्हा तीन टीमचा मॅनेजर राहून झाला होता आणि त्याच्या खात्यात विजयांपेक्षा पराभव जास्त होते. न्यूयॉर्कच्या पेपरने टवाळी केली. मग 1996 ते 2000 या पाच वर्षांत चार वर्ल्ड सिरीज. हा माणूस पाच वर्षांत एवढा शहाणा झाला, की टीम बदलली? दोन्ही थोडं थोडं. पण टीम बदलली हे जास्त.

तेव्हा खेळाडूचे आकडे बाजूला ठेवा. मी स्वतः आधी बघतो तो खेळत नसताना काय करत होता.

इथे कॅचरची गोष्ट येते. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, पण अधिकार दसपट. मैदानावरचे बाकीचे आठ जण एका दिशेला तोंड करून उभे असतात, कॅचर एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. कुठला चेंडू टाकायचा याची खूण तो करतो, पिचर बिथरला की उठून त्याच्याकडे जातो, समोरच्या बॅटरचे पाय कसे आहेत हे दोन फुटांवरून बघतो. ब्रूस बोची हा नऊ मोसम खेळलेला कॅचर, त्यातला बराच काळ राखीव. मॅनेजर म्हणून जायंट्ससाठी 2010, 2012, 2014 आणि मग टेक्सास रेंजर्ससाठी 2023, अशा चार वर्ल्ड सिरीज. जिम लेलँड मायनर लीगच्या पुढे न गेलेला कॅचर, 1997 ची वर्ल्ड सिरीज. कॉनी मॅकसुद्धा कॅचरच. मामांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपला चंदू पंडित!" अगदी बरोबर. चंद्रकांत पंडित पाच कसोटी खेळलेले विकेटकीपर. प्रशिक्षक म्हणून मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश, तिघांना रणजी करंडक. खेळ वेगळा असला तरी बसायची जागा तीच.

राखीव कॅचर त्याहून वरचा. तो आठवड्यातून एखाद-दोन दिवस खेळतो आणि बाकीचे दिवस मॅनेजरपासून हाताच्या अंतरावर बसतो. स्टीवन वोटने मेजर लीगमधल्या पहिल्या 32 प्रयत्नांत एकही हिट मारली नव्हती. 2022 ला निवृत्त झाला, एक वर्ष सिअ‍ॅटलमध्ये बुलपेनचा (राखीव पिचर तयार होतात त्या जागेचा) कोच, आणि 2024 ला क्लीव्हलँडचा मॅनेजर. पहिल्याच वर्षी टीम आपल्या गटात पहिली आली, वोट आपल्या लीगमधला सर्वोत्तम मॅनेजर ठरला. पहिल्या बत्तीस प्रयत्नांत कोरडा राहिलेल्या माणसाला तेहतिसाव्यांदा उभं राहताना काय वाटतं, हे ज्याला माहीत आहे, तो फॉर्म हरवलेल्या पोराशी काय बोलायचं हे कुणाला विचारत बसत नाही.

आता अवघड भाग. समजा माणूस मॅनेजर झाला. तो चांगला आहे हे कशावरून म्हणायचं?

दोन रात्री सांगतो. पहिली 16 ऑक्टोबर 2003, यांकी स्टेडियम. बॉस्टन रेड सॉक्स आणि यांकीज, सातवा आणि निर्णायक सामना. जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार. आठव्या इनिंगला बॉस्टन 5-2 ने पुढे, पिचर पेद्रो मार्टिनेझ. शंभर चेंडूंनंतर पेद्रोचा हात मंदावतो हे आकड्यांत दिसत होतं. तो शंभर टाकून बसला होता. एक बाद, मग दोन हिट, 5-3. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेद्रोला विचारलं, पेद्रो म्हणाला टाकतो. लिटल एकटाच परत आला. पुढच्या दोन बॅटरांनी दोन डबल (एका फटक्यात दोन बेस) मारले, 5-5. अकराव्या इनिंगला एरन बून नावाच्या यांकीजच्या खेळाडूने पहिल्याच चेंडूवर होमरन मारला आणि सामना संपला. लिटलला बॉस्टनने पुन्हा करार दिला नाही.

दुसरी रात्र 27 ऑक्टोबर 2020, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे रेज 1-0 ने पुढे, पण मालिकेत 3-2 ने मागे. हरले तर संपलं. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल त्या दिवशी स्वप्नात असल्यासारखा टाकत होता. सहाव्या इनिंगला एक बाद असताना त्याने सामन्यातली दुसरीच हिट दिली. चेंडू झाले होते फक्त 73, नऊ जण स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारायला न जमताच बाद. पुढचे तीन बॅटर त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा येऊन सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट झाले होते. मॅनेजर केविन कॅश चालत आला आणि स्नेलच्या हातातून चेंडू घेतला. स्नेलच्या तोंडून काय बाहेर पडलं ते कॅमेऱ्यात दिसलं. इथे छापत नाही. कॅशचा हिशोब असा: तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला ओळखायला लागतात, वर्षानुवर्षांचे आकडे हेच सांगतात. बदली आलेला निक अँडरसन त्या महिन्यात सामन्यामागून सामन्यात धावा देत आला होता. मुकी बेट्सने त्याला डबल मारला, मग एक चेंडू कॅचरला चुकवून गेला, बघता बघता डॉजर्स 2-1 ने पुढे. शेवट 3-1.

एकाने आकडे बाजूला ठेवून खेळाडूच्या डोळ्यांत बघितलं आणि हरला. दुसऱ्याने डोळ्यांसमोरचं बाजूला ठेवून आकडे बघितले आणि हरला. लोकांनी दोघांनाही मूर्ख ठरवलं. माझं मत विचाराल तर कॅशची चूक जास्त मोठी वाटते. सरासरी ही हजारो सामन्यांची असते आणि समोर एकच माणूस उभा असतो, त्यात बदली हात थकलेला हे त्याला माहीत होतं. तरीही रेजने त्याला काढलं नाही. कारण त्यांनी निकाल बघितला नाही, निर्णय कसा घेतला ते बघितलं. पुढच्या वर्षी त्यांनी शंभर सामने जिंकले. (स्नेल मात्र दोन महिन्यांत दुसऱ्या टीमला दिला गेला.) आणि हो, कॅश हाही राखीव कॅचरच होता. अ‍ॅव्हरेज .183, ला रुसाहून खाली.

पुढचं सांगायचं राहिलं. 2003 च्या रात्री होमरन मारणारा तो एरन बून 2018 पासून यांकीजचा मॅनेजर. कोचिंगचा अनुभव शून्य, थेट टीव्हीच्या कॉमेंट्रीतून आला. पण आजोबा, वडील, भाऊ सगळे मेजर लीगचे खेळाडू, आणि वडील तर कॅचर आणि पुढे मॅनेजर. स्वयंपाकघरातच अर्धी शाळा झालेली.

आकड्यांनी मॅनेजर मोजता येतो का? एक सोपी पद्धत बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सने दिली. टीमने केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. वर्षात 750 धावा केल्या आणि 700 दिल्या, तर उत्तर येतं .534, म्हणजे 162 पैकी साधारण 87 विजय. टीमने 92 जिंकले तर वरचे पाच मॅनेजरच्या हुशारीचे, असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण एका धावेने जिंकलेल्या सामन्यांत नशिबाचा वाटा इतका मोठा असतो की तेच पाच पुढच्या वर्षी निघून जातात.

याहून बोलकं उदाहरण क्रेग काउन्सेलचं. बॅट डोक्याच्या वर उंच धरून उभा राहणारा, मिळेल त्या जागी खेळणारा इन्फिल्डर (जवळचा फील्डर). निवृत्तीनंतर मिलवॉकी ब्रुअर्सच्या कार्यालयात काम केलं. टीम कशी बांधतात ते बघितलं, मग 2015 ते 2023 त्यांचा मॅनेजर. 2023 च्या नोव्हेंबरात शिकागो कब्सने आपल्या डेव्हिड रॉसला (पुन्हा माजी राखीव कॅचर) काढून काउन्सेलला पाच वर्षांसाठी 4 कोटी डॉलरच्या वर पैसे देऊन आणलं. मॅनेजरला तोवर कुणी एवढे दिले नव्हते. रॉसच्या शेवटच्या वर्षी कब्सने 83 जिंकले, 79 हरले. काउन्सेलच्या पहिल्या वर्षी? 83 जिंकले, 79 हरले. आणि त्याने सोडलेले ब्रुअर्स? 92 वरून 93. तिथे नवा मॅनेजर होता पॅट मर्फी, काउन्सेलचाच कॉलेजातला कोच, जो मेजर लीगमध्ये कधी खेळलाच नाही. मामा हे ऐकून इतके हसले की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.

काउन्सेल वाईट आहे असं यातून निघत नाही. 2025 मध्ये कब्सने 92 जिंकले. मॅनेजरचा हात मीठ घालण्याइतका. भाजी बिघडवू शकतो. वांग्याचं पनीर करू शकत नाही.

बिघडवण्यावरून ए. जे. हिंच आठवतो. कागदावर याच्याहून चांगला उमेदवार शोधून सापडायचा नाही: कॅचर, स्टॅनफर्डमधून मानसशास्त्राची पदवी, एका टीमच्या कार्यालयात नवे खेळाडू घडवण्याचं काम. 2017 मध्ये त्याच्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे उघड झालं की त्यांचे खेळाडू कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होते आणि डगआउटमागे (खेळाडूंच्या बाकांच्या जागेमागे) कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवत होते. चौकशीत निघालेली गोष्ट अशी: हिंचला हे पटत नव्हतं, त्याने तो मॉनिटर दोनदा फोडला. पण बंद करा, असं खेळाडूंना त्याने कधी सांगितलं नाही. मॉनिटर बदलला गेला, डबा वाजत राहिला. 2020 च्या जानेवारीत एका वर्षाची बंदी आणि नोकरीही गेली. शंभर मुलाखती घेतल्या तरी ही गोष्ट कळली नसती. म्हणून मी कुणाला मुलाखत घ्यायला सांगितलं तर एवढंच विचारायला लावेन: ड्रेसिंग रूममध्ये सगळे एका बाजूला आणि तू दुसऱ्या बाजूला, असं शेवटचं कधी झालं, आणि तू काय केलंस?

आणि मुलाखतीला बोलावतं कोण, हाही प्रश्न आहेच. "याच्यात मॅनेजरचे गुण दिसतात" हे वाक्य कित्येक दशकं फक्त गोऱ्या माणसाबद्दल उच्चारलं गेलं. मेजर लीगची वर्णाची भिंत मोडणारा काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन, त्याने 1972 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मैदानावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की एखादा काळा मॅनेजर बघायला मिळाला तर मला जास्त आनंद होईल. नवव्या दिवशी तो गेला. फ्रँक रॉबिन्सन, दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस, खेळत असतानाच हिवाळ्यात प्वेर्तो रिकोत जाऊन सान्तुर्सेच्या टीमचा मॅनेजर म्हणून उमेदवारी करत होता, कित्येक वर्षं. 1975 च्या मोसमासाठी क्लीव्हलँडने त्याला खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही केलं: मेजर लीगचा पहिला काळा मॅनेजर. पहिल्या दिवशी स्वतःचंच नाव बॅटिंगच्या यादीत दुसऱ्या नंबरावर लिहिलं आणि पहिल्याच संधीत होमरन मारला.

आमच्या मॅचच्या आठव्या इनिंगला म्हातारा अखेर उठला. चालत पिचरकडे गेला, खांद्यावर हात ठेवला, चेंडू घेतला. मामांची नजर मात्र डगआउटमध्येच होती. कठड्याला रेलून एक खेळाडू उभा होता, त्या दिवशी न खेळणारा, हातात कागद. मॅनेजर परत आल्यावर त्याने त्याला काहीतरी विचारलं. मॅनेजरने मान हलवून बुलपेनकडे बोट दाखवलं, त्याने पेन्सिल काढून लिहून घेतलं.

"तो कोण रे?"

मी फोनवर बघितलं. "दुसरा कॅचर. अ‍ॅव्हरेज .190."

"त्याचं नाव लिहून ठेव," मामा म्हणाले, आणि माझ्या हातातला शेंगदाण्यांचा पुडा काढून घेतला.